फटफटीला करंट येईना, तर शोध कुठून घ्यावा?

गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या शेतकी खात्याचे निम्मे काम दोन चाकांवर चालते. तोडणीचा कार्यक्रम ऑफिसात लागतो. पण फडावर कोयते किती आले, मोळ्या किती पडल्या, ट्रॅक्टर कोणत्या बांधाला अडकला, हे पाहायला माणसाला जातीने जावे लागते. चिठ्ठी मोबाईलवर आली म्हणून यात फरक पडत नाही. चिटबॉयची मोटारसायकल, मुकादमाची मोटारसायकल आणि सभासदाची मोटारसायकल यांच्या जिवावर हंगाम पुढे सरकतो. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला बाहेर जाणारे मजूरसुद्धा हल्ली संसाराबरोबर मोटारसायकल ट्रॉलीत बांधून नेतात. रात्री कोपीवर लेकरू तापाने फणफणले, तर दवाखाना गाठून देते ती हीच गाडी.

तेव्हा ऊस विकास अधिकाऱ्याने खत-पाणी सोडून फटफटीवर का लिहावे, असे कोणी विचारू नये. खोडव्यावर आणि पाचटावर आम्ही पुष्कळ लिहितो, पुढेही लिहू. आज एका रोगाविषयी लिहितो, ज्यात शेतकऱ्याचे पैसे नाहक जातात आणि वेळ त्याहून जास्त जातो. किक मारू मारू पाय गळतो, पेट्रोल टाकीत असते, पण गाडी हूं की चूं करीत नाही. मग कोणीतरी म्हणतो, "प्लगला करंटच नाही हो." हा तो रोग.

एक उदाहरण

मागील एका हंगामात धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात अवकाळी पाऊस झाला. फडावर एका चिटबॉयची गाडी सायंकाळी बंद पडली ती पडली. जागा खोलगट, मोबाईलला रेंज नाही. ऊस तोडून पडलेला होता, पण गाडी लावायचा निरोप वेळेवर पोचला नाही आणि ट्रॅक्टर दुसऱ्या गटाला निघून गेला. सकाळी गाडी ढकलत गावात आणली. पाहणाऱ्याने वरवर पाहून सांगितले, "सीडीआय गेलाय." एसटीने तालुक्याला जाऊन नवा सीडीआय आणला, बसवला, करंट नाही. मग कॉइल बदलली, तरी नाही. तिसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रीने हँडलवरचे लाल बटण उघडले. आत चिखलाचे पाणी. फडक्याने पुसले, उन्हात वाळवले, दुसऱ्या किकला गाडी चालू.

दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये, आणि त्याआधी झालेला खर्च मात्र दोन भागांचा. ही झाली गाडीची गोष्ट. त्या दोन दिवसांत फडात पडलेल्या उसाचे काय झाले, ते सभासदांना सांगायला नको. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा असे आम्ही कंठशोष करून सांगतो. पडून राहिलेला ऊस वजनात घटतो, उन्हात अधिकच घटतो, आणि त्यातील साखरही मोडू लागते. वजनातली घट सभासदाच्या पदरात पडते आणि उताऱ्यातली घट सगळ्यांच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा महाग पडतो.

चूक कोणाची हा प्रश्न नाही. सीडीआय खराब होतच नाही असेही नाही. पण शोध घ्यायचा क्रम उलटा झाला. सर्वात महाग आणि सर्वात शेवटी पाहण्याचा भाग आधी धरला, आणि फुकटात पाहता येणारा भाग शेवटी पाहिला.

शेताच्या टोकापासून मागे जावे

उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नसेल तर आपण काय करतो? लगेच मोटार काढून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी सरीत पाहतो, मग दारे फुटले का ते पाहतो, मग पाट, मग पाइपलाइन कुठे गळते ते. लाईट आहे का आणि स्टार्टर पडला का हे तर घरून निघतानाच पाहतो. सगळे बरोबर निघाले, तरच मोटारीकडे वळतो. करंटचा शोध अगदी असाच घ्यावा. प्लग ही शेवटची सरी. तिथून एकेक पाऊल मागे यावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि चांगला भाग उकिरड्यावर जातो.

करंट येतो कुठून?

हे थोडे समजून घेतले की पुढचे सारे सोपे होते. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या दोन टोकांमधील बारीक फटीत ठिणगी पडून ते पेटते. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारायची असते, त्यासाठी दहा हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक दाब लागतो. बॅटरी तर सहा किंवा बारा व्होल्टची. हा दाब वाढवण्याचे काम कॉइल करते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड वेढ्यातील प्रवाह एकदम तोडला, की बारीक वेढ्यात क्षणभर प्रचंड दाब उठतो. टू स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० ठिणग्या पडाव्या लागतात, त्याही नेमक्या वेळेला.

प्रवाह तोडण्याचे काम पूर्वी पॉइंट करीत. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशी रचना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी व्यवहारात आणली. बॅटरीशिवाय, फिरत्या चुंबकावर जास्त दाबाची ठिणगी पाडणारा मॅग्नेटो जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९०२ साली गॉटलोब होनोल्ड यांनी तयार केला. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्याला 'मायको प्लग' म्हणतात, तो याच घराण्याचा. १९५१ साली बंगलोरला निघालेली मायको कंपनी २००८ पासून बॉश या नावाने चालते.

आपल्या खेड्यांत दोन्ही पद्धती आल्या. बुलेट आणि येझदी या जुन्या गाड्या बॅटरी, कॉइल आणि पॉइंटच्या. १९७२ साली पुण्याहून निघालेली ल्यूना मॅग्नेट आणि पॉइंटवर चालणारी. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, त्यांत पॉइंटऐवजी सीडीआय नावाची डबी होती. पुढे पॉइंट हळूहळू मागे पडले. जुनी ल्यूना किंवा बुलेट मात्र अजूनही कोणाच्या ना कोणाच्या वाड्यात उभी असते, म्हणून आम्ही दोन्हींविषयी लिहितो.

एक भेद पक्का ध्यानात ठेवा. बॅटरीवरच्या गाडीत किल्ली फिरवली की कॉइलकडे प्रवाह सुरू होतो. त्यामुळे बॅटरी उतरली, फ्यूज गेला किंवा किल्लीच्या स्विचमध्ये कार्बन धरला, तर करंट नाही. मॅग्नेटवरच्या गाडीत याच्या उलट. तिथे इंजिन फिरले की करंट आपोआप तयार होतो, आणि गाडी बंद करायची तेव्हा किल्ली तो करंट इंजिनाच्या लोखंडात, म्हणजे अर्थमध्ये सोडून देते. म्हणून अशा गाडीत किल्लीची वायर कुठे सोलून लोखंडाला टेकली, की किल्ली चालू असूनही गाडी आपली 'बंद'च राहते. वरच्या उदाहरणातील लाल बटणाने नेमके हेच केले होते. ओल्या चिखलातून करंट अर्थला जात होता.

हत्यार हातात घेण्यापूर्वी

खालील गोष्टी पाहायला एक पैसा लागत नाही.

१. हँडलवरचे लाल बटण 'रन'वर आहे का? पोरे खेळताना हमखास फिरवतात. दोन-चार वेळा चालू-बंद करा. कधी तेवढ्यानेच आतला गंज घासून निघतो.

२. किल्ली पूर्ण फिरली आहे का? बॅटरीच्या गाडीत न्यूट्रलचा दिवा लागतो का, हॉर्न दमदार वाजतो का? दिवा मिणमिणत असेल तर आधी बॅटरी, तिची टोके आणि फ्यूज.

३. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत साइड स्टँड खाली असला तर गाडी गिअरमध्ये चालू राहत नाही. स्टँडच्या स्विचमध्ये चिखल भरला, तर स्टँड वर केला तरी गाडीला तो खालीच वाटतो.

४. प्लगची कॅप घट्ट बसली आहे का? खाचखळग्यांच्या रस्त्याने ती सैल होते.

५. टाकीखाली आणि सीटखाली नजर टाका. एखादी वायर निघाली, पिचली किंवा उंदराने कुरतडली आहे का? उसाच्या शेजारी असलेल्या शेडमध्ये उभ्या गाडीची वायर उंदीर सोडत नाही.

एवढे पाहूनही करंट नसेल, तर मग पाना हातात घ्या.

प्लगची परीक्षा आणि एक इशारा

आधी इशारा. ही परीक्षा पाचटावर, उसाच्या कडेला किंवा गंजीजवळ कधीही करू नये. गाडी मोकळ्या रस्त्यावर, स्वच्छ जमिनीवर घ्यावी. पेट्रोलचा कॉक बंद करावा. कुठे पेट्रोल सांडले असेल तर पुसून, वाळू द्यावे. विडी-काडी दूर. प्लग काढल्यावर किक मारली की भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि आपण तिथेच ठिणगी पाडत असतो. म्हणून प्लग भोकाच्या तोंडाशी न धरता हात लांब जाईल तेवढा दूर टेकवावा. एका ठिणगीने एकराचा फड जातो. जळीत ऊस घाईने तोडून घालवताना सभासदाची काय दैना होते, ती आम्ही दरसाल पाहतो. आणखी एक, ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्यांनी या कामाला हात घालू नये.

आता कृती. कॅप काढा. प्लगभोवतीची माती फुंकून किंवा पुसून घ्या, नाही तर ती इंजिनात पडेल. प्लग पान्याने प्लग काढा आणि पुन्हा कॅपमध्ये बसवा. प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. रंगावर टेकवून उपयोग नाही, रंगातून अर्थ मिळत नाही. हाताने धरू नका, प्लॅस्टिकच्या मुठीच्या पकडीने कॅप धरा. किल्ली चालू करून दुसऱ्या माणसाला किक मारायला सांगा. सावलीत पाहा, उन्हात ठिणगी दिसत नाही.

निळसर पांढरी, 'चट चट' आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, लालसर आणि मरगळलेली ठिणगी कच्ची. उघड्यावर पडली तरी इंजिनाच्या दाबात ती पडेलच असे नाही. काहीच दिसले नाही, तर दुसरा चांगला प्लग लावून पाहा. नवा प्लगही कधी खोटा निघतो, म्हणून चालत्या गाडीचा प्लग लावून पाहणे उत्तम.

आणि एक पथ्य. कॅप नुसती लोंबकळत ठेवून किक मारू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही, तर तो कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडून वाट काढतो. सीडीआयच्या गाडीत यामुळे चांगला भाग जळतो आणि एकाच्या दोन दुरुस्त्या होतात.

प्लगचे तोंड पाहून इंजिनाची तब्येतही कळते. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळा असेल तर टू स्ट्रोकमध्ये तेल जास्त टाकले, किंवा फोर स्ट्रोकमध्ये इंजिन तेल खाते. पांढराफटक असेल तर इंजिन तापते किंवा प्लगचा नंबर चुकीचा. काजळी करंटला चोरवाट देते, म्हणून असा प्लग ठिणगी देत नाही. ब्रशने घासून, पेट्रोलने धुऊन, पूर्ण वाळवून लावावा. फट जुन्या गाड्यांत साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर आणि नव्यांत बहुधा ०.८ ते ०.९ असते. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. फडावर गेज कुठून आणणार? हॅकसॉ ब्लेडची जाडी सहा दशांश मिलिमीटरहून किंचित जास्त असते. जुन्या गाडीला तेवढ्यावर काम भागते.

कॅप आणि वायर

प्लग चांगला असून ठिणगी नाही, तर एक पाऊल मागे या. बहुतेक गाड्यांत कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा. वायरचे टोक पकडीने इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर दूर धरा आणि किक मारायला सांगा. ठिणगीने उडी मारली, तर दोष कॅपमध्ये. कॅपच्या आत एक रोधक असतो, तो आतल्या आत तुटतो आणि वरून काही दिसत नाही. कॅप स्वस्त मिळते.

वायरचे टोक हिरवे-काळे पडले असेल तर तेवढा अर्धा सेंटिमीटर कापून टाका आणि कॅप ताज्या तारेवर फिरवून बसवा. पावसाळ्यानंतर बंद पडलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यानेच चालू होतात. अंधारात किक मारताना वायरवरून इंजिनाकडे निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या, तर वायरला चीर गेली आहे असे समजावे.

बंद करणारी वायर

अजूनही करंट नाही आणि गाडी मॅग्नेटवरची आहे, तर ही परीक्षा सर्वात मोलाची. किल्ली आणि लाल बटण यांच्याकडून सीडीआयकडे किंवा मॅग्नेटकडे येणारी बंद करणारी वायर जोडावरून सोडवा. हिरो होंडा घराण्याच्या अशा गाड्यांत ती काळी, वर पांढरी रेघ असलेली असते. सोडवल्यावर करंट आला, तर इंजिन, कॉइल, सीडीआय सगळे निर्दोष. रोग किल्लीच्या स्विचमध्ये, लाल बटणात किंवा मधल्या वायरिंगमध्ये आहे. हँडलच्या मानेपाशी वायरी वळून वळून पिचतात, तिथे आधी पाहा.

वायर सोडवून घरी यायला हरकत नाही. मात्र मग गाडी किल्लीने बंद होत नाही. ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून बंद करावी लागते. किल्लीशिवाय कोणीही नेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. घरी आल्यावर दुरुस्ती करून वायर पूर्ववत जोडावी. जी गाडी बॅटरीवरून ठिणगी घेते, तिला ही परीक्षा लागू नाही. तिथे उलट कॉइलपर्यंत बॅटरीचा प्रवाह पोचतो का, ते पाहावे लागते. टेस्ट लॅम्प असला तर ते काम मिनिटाचे आहे.

पॉइंटची गाडी

ल्यूना किंवा जुन्या बुलेटला करंट नसेल, तर प्लगनंतर पॉइंट उघडावे. पॉइंटची टोके काळी, खड्डे पडलेली किंवा तेलकट असतात. झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, मग पेट्रोलचे फडके आणि शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी दोन्ही टोकांत ओढून घ्या. तेलाचा एक थेंब किंवा पॉलिश पेपरचा एक कण राहिला, तरी करंट अडतो. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी. पॉइंटचा फायबरचा टाचेसारखा भाग झिजला की फट कमी होत जाते आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाही.

पॉइंट वारंवार जळत असतील आणि चालू इंजिनात तिथे मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर कंडेन्सर गेला असे धरून चालावे. कंडेन्सर म्हणजे छोटीशी डबी. प्रवाह तुटताना उसळणारा करंट ती पोटात घेते, म्हणून पॉइंट वाचतात आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. ती गेली की नवे पॉइंट महिनाभरही टिकत नाहीत. माणूस पॉइंट बदलत राहतो आणि रोग कंडेन्सरमध्ये असतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

सीडीआयची गाडी

इथे पॉइंट नाहीत. मॅग्नेटवरच्या सीडीआय गाडीत सोर्स कॉइल करंट तयार करते, सीडीआयच्या डबीत तो दोनशे-तीनशे व्होल्टने साठतो, पिकअप कॉइल 'आता सोड' असा इशारा देते, आणि साठलेला करंट एचटी कॉइलमध्ये एकदम सुटतो. चारांपैकी एकही आजारी असला तरी प्लगला ठिणगी नाही.

क्रम असा ठेवावा. आधी सगळे जोड काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवा. सैल किंवा हिरवा पडलेला जोड हा या भागातला सर्वात मोठा चोर. मग एचटी कॉइल जिथे चेसीला बोल्टने आवळली आहे तिथे रंग-गंज खरवडून अर्थ पक्का करा. नुकतीच रंगवून आणलेली गाडी चालू होत नसेल, तर दोष बहुधा इथेच. त्यानंतर मल्टिमीटर. एचटी कॉइलच्या जाड वेढ्याचा रोध अगदी थोडे ओहम आणि बारीक वेढ्याचा काही हजार ओहम असतो. सोर्स कॉइल आणि पिकअप कॉइलचे आकडे गाडीगणिक वेगळे, ते पुस्तकाशी ताडून पाहावेत. मीटर काहीच दाखवीत नसेल तर आत तार तुटली, आणि जवळजवळ शून्य दाखवीत असेल तर वेढे आपसात चिकटले.

हे सारे बरोबर निघाले, तरच सीडीआयवर संशय घ्यावा. ती डबी उघडून दुरुस्त होत नाही. तिची खरी परीक्षा एकच. तशाच मॉडेलच्या, चालू गाडीची डबी लावून पाहणे. फरक पडला तरच नवी विकत घ्यावी, न पडल्यास जुनीच परत बसवावी. विजेचा भाग बहुधा परत घेतला जात नाही, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी ही तसदी घ्या.

गरम झाली की बंद

हा रोग फसवा. सकाळी गाडी पहिल्या किकला चालू होते, आठ-दहा किलोमीटर जाते, घाट चढताना बंद पडते. अर्धा तास थांबलो की पुन्हा चालू. गॅरेजला नेईपर्यंत थंड होते आणि मिस्त्री म्हणतो, "गाडीला काही झालं नाही." तारेतील बारीक चीर तापल्यावर उघडते आणि निवल्यावर जुळते. संशयित तीन: एचटी कॉइल, पिकअप कॉइल आणि पॉइंटच्या गाडीत कंडेन्सर. परीक्षा गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच करायची. ठिणगी पाहायची ती तेव्हाच. ठिणगी असेल तर मग पेट्रोलकडे, टाकीच्या झाकणाच्या हवेच्या भोकाकडे वळावे.

नव्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानक आले आणि कार्बोरेटर जवळजवळ गेला. पेट्रोल पंपाने सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची, हे दोन्ही आता ईसीयू ठरवतो. किल्ली फिरवताच पंपाचा बारीक 'गूं' आवाज येतो. तो नसेल तर आधी बॅटरी आणि फ्यूज पाहा. इथे बॅटरी फक्त लाईट-हॉर्नसाठी नाही, ती पार उतरलेली ठेवून किकवर भागवता येईल असे गृहीत धरू नका. इंजिनाचा पिवळा दिवा सतत लागून राहिला, तर सर्व्हिस सेंटरला यंत्र लावून दोष वाचून घ्यावा. वायरी सोडून 'डायरेक्ट' करायचा प्रयोग अशा गाडीवर करू नये. प्लग, कॅप, बटण, स्टँड, फ्यूज आणि बॅटरी इतके मात्र आपण अवश्य पाहू शकतो.

काही गाड्यांना दोन प्लग असतात. बजाजने २००३ पासून पल्सरमध्ये ही पद्धत आणली. एक प्लग मेला तरी गाडी चालते, पण ओढत नाही आणि पेट्रोल खाते. तेव्हा दोन्ही पाहावेत.

ठिणगी आहे, पण गाडी चालू नाही

असे झाले तर करंटमागे लागणे सोडा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल जास्त झाले. प्लग वाळवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारा. तोडणीच्या दिवसांत पाचटाची भुकटी आणि धूळ एअर फिल्टरमध्ये भरते, तो झटका. किक उलटी मारत असेल किंवा सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील, तर मॅग्नेटची चावी तुटून टायमिंग सरकले असण्याचा संभव आहे. ते काम मिस्त्रीचे.

डिकीत काय असावे?

योग्य नंबरचा एक चांगला प्लग, प्लग पाना, प्लॅस्टिकच्या मुठीची पक्कड, लहान स्क्रू ड्रायव्हर, झिरो नंबर पॉलिश पेपरचा तुकडा, हॅकसॉ ब्लेडचा तुकडा, चिकटपट्टी, हातभर वायर आणि कोरडे फडके. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. गाडी धुताना लाल बटणावर, किल्लीवर आणि कॉइलवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. बटणावर आणि प्लगच्या कॅपवर पावसात रबर किंवा प्लॅस्टिकचे आवरण असावे.

खंडेनवमीला आपण गाडीला हळदकुंकू लावतो, हार घालतो. हंगामही त्याच सुमाराला तोंडावर येतो. त्याच दिवशी प्लग काढून पाहावा, फट तपासावी, जोड पुसावेत, वायरीवरून हात फिरवावा. अर्ध्या तासाचे काम आहे. चिटबॉय आणि स्लिप क्लार्क मंडळींना आमची विनंती आहे की त्यांनी हे टाळू नये. त्यांची गाडी फडावर उभी राहिली, तर तिच्यामागे सभासदाचा तोडलेला ऊस उभा राहतो.

सभासद बंधू-भगिनींनो, हे पान काढून घडी करून डिकीत ठेवा. गाडी बंद पडली आणि कोणी "सीडीआय गेला" म्हणाले, तर त्याला चहा पाजा, बसवून घ्या आणि तोवर क्रमाने पाहा: बटण, प्लग, कॅप, वायर, बंद करणारी वायर, पॉइंट किंवा जोड, कॉइल, आणि सर्वात शेवटी डबी.